बोअर म्हणजे शेतकरी

“मग शेतकरी असंच लिही की. त्यात लाज कसली?” मनुबाई म्हणाली.

हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती आणि तिसऱ्यांदा जयराजनं मान फिरवली. पाटी सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलेली होती. चार फूट लांब काळा पत्रा, त्यावर पिवळी अक्षरं, ‘बोअर फार्म’. खाली जयराजचा मोबाइल नंबर. ज्या माणसानं पलटणीतून सुटून आल्यावर खडकात सुरुंग लावून ही बाग उभी केली, त्या तिच्या नवऱ्याचं, ज्योतिबाचं नाव पाटीवर कुठंच नव्हतं. भांडण तिथून सुरू झालं होतं. पण सकाळी बागेत जे घडलं ते दिवसभर दोघांच्याही पोटात होतं, आणि पाटीचं फक्त निमित्त झालं होतं.

जयराजची बायको क्रांती आतून भाकरी थापता थापता म्हणाली की पाटी रंगवणाऱ्यानं कवठे महांकाळला विचारलं होतं, फुटाला काय दर घेता म्हणून. बोअर म्हटल्यावर त्याला वाटलं, पाण्याची बोअर मारायची गाडी घेतली यांनी. त्यांची पोरगी पूजा फिस्सकन हसली. ती सातवीत होती, तिला हसायला निमित्त लागायचं नाही. जयराज हसला नाही.

“आई, शेतकरी म्हटलं की लोक कीव करत्यात,” तो म्हणाला. “बोअर म्हटलं की भित्यात.”

 वाक्य मनुबाईला आवडलं नव्हतं, पण ते खोटं आहे असंही तिला म्हणता येईना.

जयराज हा शब्द दक्षिण आफ्रिकेतून घेऊन आला होता. द्राक्षं निर्यात करणाऱ्या एका कंपनीनं त्याला दोन हंगाम तिकडं पाठवलं होतं, छाटणी आणि पॅकिंग शिकायला. डोंगराच्या पायथ्याला दीडशे एकर बाग, एकच मालक. मालकाला सगळे ‘ऊम’ म्हणायचे. ऊम म्हणजे काका. जयराज परत आला तेव्हा त्याच्या बॅगेत छाटणीच्या दोन कात्र्या होत्या, एक रुंद काठाची टोपी होती आणि डाव्या हातावर कोपराखाली व्रण होता. तारेनं कापलं, असं त्यानं सांगितलं. बागेच्या मांडवाला तारा असतातच, कुणी पुढं विचारलं नाही.

शब्दाची गोष्ट मात्र तो येईल त्याला सांगायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी हॉलंडची माणसं आफ्रिकेच्या टोकाला उतरली. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना धान्य-भाजी पुरवायला त्यांतल्या काहींना जमीन दिली. ती कसणारा तो बोअर. त्यांच्या भाषेत शेतकऱ्याला तोच शब्द. शहरातली माणसं तोच शब्द नाक मुरडून वापरायची, आपल्याकडं पुण्यामुंबईचे ‘गावठी’ म्हणतात तसा. यांनी ती शिवी उचलली आणि नाव म्हणून मिरवली. बैलगाड्या जुंपून आत आत गेले, जिथं थांबले तिथली जमीन धरली. इंग्रजांशी दोन लढाया केल्या. दुसरीत हरले, तेव्हा इंग्रजांनी त्यांतले काही कैदी करून हिंदुस्थानात आणले, आपल्या साताऱ्यातसुद्धा ठेवले. आपल्या मातीत राहून गेलेत ते, असं म्हणताना जयराजची छाती भरून यायची.

“कैदेत हुते म्हंजे पहारा त्यांच्यावर हुता,” मनुबाई एकदा म्हणाली होती. तेव्हाही त्यानं मान फिरवली होती.

आत्ता पूजानं मध्येच मोबाइल काढला आणि काहीतरी वाचून दाखवलं. या शब्दाचं मूळ लय जुनं आहे, एका जागी वस्ती करून राहणारा असा पहिला अर्थ, आणि शेजारी या अर्थाचा त्यांच्याकडचा शब्दही त्याच मुळातून आलाय. ‘शेजारी’ हा शब्द तिनं दोनदा वाचला. जयराजनं तिला अभ्यासाला बस म्हणून सांगितलं.

शेजारी. मनुबाईच्या मनात तो शब्द राहिला.

तिचं माहेर जतच्या बाजूचं, हुलग्या-बाजरीचं. बहात्तरच्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती आणि आईबरोबर खडी फोडायला जायची. त्याच्या आदल्या वर्षी, जेव्हा थोडंफार पिकलं होतं, तेव्हा ती आईच्या मागून सरवा वेचत फिरायची. कापणी झाल्यावर रानात जी चुकार कणसं राहतात ती ज्याला जमीन नाही त्यानं वेचायची, मालकानं बघून न बघितल्यासारखं करायचं, ही रीत होती. एका मालकानं ती पाळली नाही. त्यानं आईला बांधावर उभी केली आणि ओटीतली कणसं मातीत ओतायला लावली. मग बैल आणून त्यांना ती खायला घातली. 

लग्न झालं ते फौजेतल्या माणसाशी. ज्योतिबा वर्षातले दहा महिने सरहद्दीवर, आणि मनुबाई कवठे महांकाळपासून आठ किलोमीटरवरच्या या वस्तीवर. सासू-सासरे, दोन बैल, आणि पावसावरची ज्वारी. औत तिनं स्वतः धरलं. मग ज्योतिबा पेन्शनवर आला, टेंभू योजनेचं पाणी यायची बोलणी सुरू झाली आणि त्यानं द्राक्षाचं डोक्यात घेतलं. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, सगळं मनुबाई बायकांबरोबर मांडवाखाली उभी राहून शिकली. ज्योतिबाचा जुना, मिलिटरीच्या रंगाचा फुल शर्ट लुगड्यावर चढवायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि दिवसभर वर बघत काम करायचं. औषधानं हात सोलत नाहीत, पानं घासत नाहीत. या भागात बागेत काम करणारी प्रत्येक बाई नवऱ्याचा नाहीतर भावाचा शर्ट घालूनच येते. लांबून सगळ्या सारख्या दिसतात.

पहिला माल गेला त्या वर्षी व्यापाऱ्याचा शेवटचा टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि मनुबाईनं ज्योतिबाला न विचारताच बायकांना सांगितलं की उद्या बाग तुमची. फुटलेले मणी, बारके घड, पानाआड राहिलेलं काय असेल ते न्या. बायका टोपल्या घेऊन आल्या. कुणी पत्र्यावर वाळवून बेदाणा केला, कुणी पोरांना तसंच दिलं. तेव्हापासून सव्वीस वर्षं तो एक दिवस सरव्याचा. कामाला आलेली बाई असो, नसो. कुणी आधी मागायचं नाही आणि कुणी आधी हात लावायचा नाही. ज्योतिबा गेला त्या वर्षीही तो दिवस चुकला नाही.

गेल्या वर्षी माल काढायच्या दोन दिवस आधी आठ ओळी रिकाम्या झालेल्या सापडल्या. कोण, कसं, काही कळलं नाही. जयराजनं मात्र ठरवून टाकलं. कुठल्या ओळी आधी तयार होतात हे बायकांनाच ठाऊक, सरव्याला येतात आणि वर्षभर नजर ठेवतात. मनुबाईनं त्याला सांगितलं की आठ ओळींचा माल ओटीतून जात नाही, त्याला गाडी लागते. ते त्यानं ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. दिवाळीच्या आत बागेला तारेची जाळी आली. वस्तीवरून बागेतून जाणारी पायवाट होती, तिच्यावर फाटक आलं. कामाला येणाऱ्या जतकडच्या बायका आता ओढ्याकडून वळसा घालून यायला लागल्या. वळसा मोठा होता, पण एकीनंही तक्रार केली नाही, आणि तेच मनुबाईला बरं वाटेना. तक्रार करणारी बाई उद्या येते. गप्प बसलेलीचं सांगता येत नाही.

मग कुत्रं आलं. त्याच्या जातीचं नाव बोअरबोल. शेतकऱ्याचा कुत्रा, असा त्याचा अर्थ जयराजनं सांगितला. चोरीनंतर लगेचच, पिलू असताना आणून त्यानं ते साताऱ्याला आकाराम हवालदाराकडं ठेवलं. आकाराम हा ज्योतिबाच्या पलटणीतला, पुढं फौजेच्या कुत्र्यांकडं होता, आता एमआयडीसीच्या मागं कुत्र्यांना शिकवायचा. गेल्या महिन्यात जयराज कुत्रं आणायला निघाला तेव्हा मनुबाई म्हणाली, मीही येते. तिची धाकटी बहीण साताऱ्यात होती, तिचा गुडघा बघायचा होता.

आकारामच्या आवारात ती बाकड्यावर बसली. जयराज फोनवर बोलत बाहेर जीपजवळ थांबला होता. कुत्रं वासराएवढं झालेलं, तांबूस, मान दिसेचना अशी जाड. ते भुंकत नव्हतं. आकाराम म्हणाला, “वैनी, भुकणारं कुत्रं गावाला जागं करतंय. हे न्हाई करत.” मग त्यानं आवाराच्या दुसऱ्या टोकाला हात केला. तिथून एक बाई निघाली. लुगडं, त्यावर शर्ट, तोंडाला फडकं, कमरेला ओटी. हळूहळू वाकत, काहीतरी वेचत ती चालली. आकारामनं साखळी सोडली.

बाई पडल्यावर कळलं की तो गडी होता, आकारामचा मेव्हणा. शर्टाच्या आत हाताला जाड गादी बांधलेली. कुत्र्यानं तो हात धरला होता आणि डोकं हलवत होतं, शांतपणे, जणू धुणं पिळावं. आकारामनं शीळ घातली तसं ते बाजूला झालं.

मनुबाई उठून जवळ गेली. गडी हसत हसत धूळ झटकत होता. शर्टाच्या उजव्या कोपरावर ठिगळ होतं, निळ्या फुलांच्या कापडाचं. ते ठिगळ तिनं स्वतः लावलं होतं.

दिवाळीपासून ती तो शर्ट शोधत होती. गोठ्यातल्या खुंटीवर टांगलेला, तिथून गेला होता. तिनं यल्लव्वाला विचारलंही होतं, चुकून कुणी नेला का बघ. यल्लव्वा तिच्याकडं वीस वर्षं कामाला. ती पुढचे दोन दिवस कामाला आली नाही.

आकारामला तिनं विचारलं, हा शर्ट कुठला. तो म्हणाला, तुमच्या जयराजनंच आणून दिला. चोर कसा दिसतो ते कुत्र्याला दाखवावं लागतं, वास पण द्यावा लागतो, मग ते विसरत न्हाई. तो हे सांगताना खूश होता. काम चांगलं झालं होतं.

परतताना मागच्या सीटवर कुत्रं झोपलं होतं. कराडचा पूल मागं पडला. विट्याच्या अलीकडं मनुबाईनं शर्टाचं विचारलं.

“गोठ्यात खुंटीला हुता,” जयराज म्हणाला. “मला वाटलं कुण्या बाईचा असंल.”

“मग मी कोण हाय?”

तो म्हणाला, आई, तू उगंच वाढवू नको. आणि खरंच त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं, ना राग, ना लाज. त्याला ओळखू आला नव्हता, एवढंच. आईच्या अंगावर वर्षानुवर्षं बघितलेला बापाचा शर्ट, आणि खुंटीवर टांगला तर तो कुण्या बाईचा. मनुबाईला रागापेक्षा भीती वाटली. कशाची, ते तिला तेव्हा नीट कळलं नाही.

ते आज सकाळी कळलं.

माल काढणी सोमवारी सुरू झाली होती. तीन दिवस मनुबाई घरीच क्रेट मोजत, चहा पाठवत राहिली. आज गुरुवार, बायका कमी पडल्या म्हणून तिनं ट्रंकेतून ज्योतिबाचा दुसरा शर्ट काढला, लुगड्यावर चढवला, फडकं बांधलं आणि यल्लव्वाबरोबर फाटकातून आत गेली. कुत्रं शेडला साखळीनं बांधलेलं होतं; बाकीच्या बायका ओढ्याकडून परस्पर मांडवात शिरायच्या, शेडकडं कुणी फिरकत नव्हतं. चार आठवडे तिनं त्याला हातानं भाकरी घातली होती. ते तिच्या पायाशी झोपायचं, घरात ती उठली की उठायचं.

ते उठलं. भुंकलं नाही. डोकं खाली घालून दोन पावलं चालल्यासारखं आलं आणि मग आलंच. साखळीचा खुंटा जमिनीतून अर्धा वर आला. यल्लव्वानं मागून मनुबाईला दंड धरून ओढलं म्हणून, नाहीतर मध्ये हातभर अंतर होतं तेही राहिलं नसतं. त्याच्या तोंडाचा वास तिला आला. तिनं फडकं खाली ओढलं, हाक मारली, त्याचं नाव घेतलं. त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलंच नाही. ते शर्टाकडं बघत होतं.

जयराज शीळ घालत धावत आला. कुत्रं बसलं. बावीस बायका मांडवाखाली हातात घड धरून उभ्या होत्या.

“आई, तू शर्ट घालत जाऊ नको,” तो दम खात म्हणाला. “एवढंच तर हाय. मालकिणीनं कशाला घालायचा?”

तो हे मोठ्यानं बोलला होता. बायकांनी एकमेकींकडं बघितलं नाही. ज्या त्या आपापल्या अंगावरच्या शर्टाकडं बघत होत्या. मग यल्लव्वानं कात्री चालवायला घेतली आणि बाकीच्यांनीही घेतली, आणि दिवसभर त्या मांडवाखालून एक गाणं नाही की एक चेष्टा नाही, फक्त कात्र्यांचा आवाज येत राहिला.

तर आता जेवणं चालली होती आणि पाटी भिंतीला टेकलेली होती. क्रांतीनं सगळ्यांना वाढलं. जयराज खाली मान घालून जेवत होता. मनुबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि साध्या आवाजात विचारलं, की तिकडं बागेत राबायला कोण माणसं असायची.

तिथलीच, तो म्हणाला. काळी, गव्हाळ, पिढ्यान्‌पिढ्या त्याच बागेत असलेली.

“ती तुझ्या त्या काकाला काय म्हणायची?”

“ऊम म्हणायची की. सांगितलंय मी.”

“म्होरं. मागनं काय म्हणायची?”

जयराजनं घास परत ताटात ठेवला. तो म्हणाला की मागून बोअर म्हणायची. त्यांच्या खोल्यांकडं पोलिसांची गाडी वळली तरी हळू आवाजात तोच शब्द फिरायचा. कुत्रं सुटलं तरी तोच. शब्द तोच होता, पण त्यांच्या तोंडून ऐकताना तो शेतकरी वाटायचा नाही.

हे सांगताना त्यानं उजव्या हातानं डाव्या हाताची बाही खाली ओढली. ती सवय त्याला तिकडून आल्यापासूनच होती. मनुबाईनं आज पहिल्यांदा त्याच्या हाताकडं नीट बघितलं. सकाळी तिनं ते तोंड हातभर अंतरावरून बघितलं होतं.

“तारंला दात नसत्यात, जया,” ती म्हणाली.

क्रांतीनं मान खाली घातली. तिला ठाऊक होतं.

पहिल्याच आठवड्यातलं होतं ते. जयराज सकाळी एकटाच ओळीतून चालला होता, तिथल्या कामगारांना देतात तसा निळा डगला घालून. ऊमनं कुत्रं मागं घेतलं, स्वतः गाडीतून दवाखान्यात नेलं, पुन्हापुन्हा माफी मागितली. चुकून झालं म्हणाला. कुत्र्याला वाटलं तू त्यांच्यातला. आणि जखमेला टाके पडत असताना तो हसून म्हणाला, वाईट वाटून घेऊ नको, कुत्रं चांगलं शिकवलेलं आहे.

जयराज हे सांगत होता तेव्हा त्याचा आवाज चढला नाही. तो नीट, एकेक वाक्य सांगत होता, इतके दिवस मनात सांगून सांगून गुळगुळीत झाल्यासारखं.

“म्हणूनच,” तो शेवटी म्हणाला. “कुत्र्याच्या त्या अंगाला मी परत उभा ऱ्हाणार न्हाई. माझी पोरगी पण न्हाई. जग दोन अंगालाच हाय, आई. तुला ते कळत न्हाई.”

“आणि मी आज कुठल्या अंगाला हुते?”

 तो पाणी प्यायला आणि त्यानं ताट बाजूला सारलं. मग, जणू उद्याच्या टेम्पोचं सांगावं तसं, त्यानं सांगितलं की उद्या शुक्रवारी शेवटची गाडी गेली की फाटकाला कुलूप लागेल. शनिवारी पाटी चढेल. आणि शनिवारपासून कुत्रं साखळीनं बांधायचं नाही, बागेत मोकळं राहील. सरवा बंद. शेजारच्या दोन बागाईतदारांनीही आकारामकडं पिलं सांगितली आहेत, तेही यंदापासून बंद करणार आहेत. गावात तसा निरोप गेलेला आहे, त्यामुळं कुणी आलंच तर जबाबदारी त्याची त्याची.

बाहेर शेडकडं साखळी एकदा वाजली आणि थांबली. पूजानं आजीकडं बघितलं. क्रांती ताटं गोळा करायला उठली आणि तशीच उभी राहिली.

मनुबाईनं ताटातला शेवटचा घास संपवला. ताटातच हात धुतला, पदराला पुसला. तिचा आवाज दुपारी चहा किती कप करायचा हे सांगताना असतो तसाच होता.

“शनिवारी सरवा हाय,” ती म्हणाली. “यल्लव्वाला सांगितलंय मी. फाटकाचं कुलूप मी काढीन, सातबारा माझ्या नावावर हाय. आठ वाजता बायका आत यीतील आणि त्यांच्या म्होरं मी चालणार हाय, तुझ्या बाचा शर्ट घालून. कुत्रं बांधायचं का मोकळं ठेवायचं, ते तू ठरव.”